केंद्रीय आरोग्यमंत्री : पद, अधिकार आणि परंपरा

लांजीकडील एका गावचे सरपंच काही वर्षांपूर्वी आमच्या कार्यालयात एक अर्ज घेऊन आले होते. अर्ज मराठीत होता आणि तो हिंदीत करून हवा होता. गावच्या उपस्वास्थ्य केंद्रातील परिचारिकेचे पद रिक्त होते, पावसाळा तोंडावर आला होता आणि गावातील तीन स्त्रिया दिवस भरत आलेल्या होत्या. अर्ज 'माननीय केंद्रीय आरोग्यमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली' यांच्या नावे लिहिलेला होता. सरपंचांचा हिशेब सरळ होता. आरोग्याचे सर्वांत मोठे मंत्री ते, तेव्हा सांगायचे तर त्यांनाच सांगावे. अर्ज हिंदीत करून दिला. यथावकाश त्याची पोचही आली. त्यानंतर तो कागद दिल्लीहून भोपाळला, भोपाळहून बालाघाटला आणि बालाघाटहून विकासखंडाला असा पायरी पायरीने खाली उतरत गेला. तोवर पावसाळा संपला होता. वाटेत कोणी हयगय केली असे म्हणता येणार नाही. कागद नियमानुसारच चालला होता, मात्र तो निघाला होता भलत्याच दारातून.

केंद्रीय आरोग्यमंत्र्यांचे नाव वृत्तपत्रांतून आणि आकाशवाणीवरून नित्य कानी पडते. देशात साथ आली की त्यांचे निवेदन येते, नवी लस आली की त्यांच्या हस्ते तिचा प्रारंभ होतो. त्यामुळे देशातील प्रत्येक दवाखाना, प्रत्येक डॉक्टर आणि औषधाची प्रत्येक बाटली त्यांच्या आज्ञेत असावी, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती याहून बरीच निराळी आहे. बालाघाट जिल्ह्यातील एकही प्राथमिक स्वास्थ्य केंद्र केंद्रीय आरोग्यमंत्र्यांच्या ताब्यात नाही. तरीही त्या केंद्राचा आराखडा, तेथील लसीकरणाचे वेळापत्रक, क्षयरोगाच्या गोळ्या आणि गावातील आशा कार्यकर्तीचे पद या साऱ्यांचा उगम त्यांच्याच मंत्रालयात सापडतो. हे कसे घडले, ते थोडे विस्ताराने पाहणे उपयुक्त ठरेल.

घटनेने आखलेली सीमा

भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत कारभाराच्या विषयांच्या तीन सूची आहेत. सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता, रुग्णालये आणि दवाखाने हे विषय राज्यसूचीच्या सहाव्या नोंदीत येतात. म्हणजे डॉक्टरांची नेमणूक, परिचारिकेची बदली, रुग्णालयाची इमारत आणि तेथील दैनंदिन कारभार यांवर राज्य शासनाचा अधिकार चालतो. बंदरांवरील आणि आंतरराज्यीय विलगीकरण हे संघसूचीत आहे. वैद्यकीय व्यवसाय, औषधे व विषारी द्रव्ये, अन्नातील भेसळ, जन्ममृत्यूची नोंद आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरणाऱ्या सांसर्गिक रोगांचा प्रतिबंध हे विषय समवर्ती सूचीत असून त्यांवर केंद्र व राज्य या दोघांनाही कायदे करता येतात.

ही विभागणी घटनाकारांनी नव्याने केली असे नव्हे. १९१९ च्या सुधारणा कायद्याने वैद्यकीय व्यवस्था आणि सार्वजनिक आरोग्य ही खाती प्रांतांतील भारतीय मंत्र्यांकडे सोपविली, तेव्हाच तिचा पाया पडला. त्या काळी बालाघाट हा मध्य प्रांताच्या नागपूर विभागातील जिल्हा होता. आरोग्याविषयीचे आदेश नागपूरहून निघत आणि दुखणे हाताबाहेर गेले की रुग्णही नागपूरलाच जात. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि राजधानी भोपाळला गेली. रुग्ण मात्र नागपूरच्या 'मेडिकल'लाच जात राहिला, आणि आजही जातो. त्या काळच्या केंद्र सरकारात आरोग्याला स्वतंत्र खाते नव्हते. शिक्षण, आरोग्य आणि भूमी हे तीन विषय एकाच खात्यात बांधलेले होते. आरोग्याचे खाते वेगळे झाले ते १९४५ साली, आणि त्याला पूर्ण मंत्रालयाचे स्वरूप लाभले स्वातंत्र्यानंतर.

इतर देशांशी तुलना केली असता हे अधिक स्पष्ट होईल. ब्रिटनमध्ये आरोग्य मंत्रालय १९१९ साली स्थापन झाले आणि ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू होताच तेथील बहुतेक रुग्णालये थेट मंत्र्यांच्या अखत्यारीत आली. आपल्याकडील मंत्र्यांची स्थिती कॅनडाच्या संघीय मंत्र्यांशी अधिक मिळतीजुळती आहे. तेथेही रुग्णसेवा प्रांतांकडे आहे. संघ सरकार १९८४ च्या कायद्यानुसार प्रांतांना पैसा देते आणि त्या बदल्यात काही अटी पाळून घेते. आपले केंद्रीय मंत्रीही मुख्यतः याच मार्गाने काम करतात. राष्ट्रीय स्वास्थ्य अभियानाचा खर्च केंद्र आणि मध्य प्रदेश यांच्यात ६० व ४० या प्रमाणात वाटला जातो. कार्यक्रमाची रूपरेषा दिल्लीत ठरते, अंमलबजावणी राज्याकडे असते. दोहोंचा मेळ बसावा म्हणून घटनेच्या अनुच्छेद २६३ अन्वये १९५२ साली केंद्रीय आरोग्य परिषद स्थापन करण्यात आली. तिचे अध्यक्षपद केंद्रीय आरोग्यमंत्र्यांकडे असते आणि सर्व राज्यांचे आरोग्यमंत्री तिचे सदस्य असतात. तेथे हुकूम चालत नाही, मन वळवावे लागते.

आणखी एक गोष्ट वाचकांच्या सहसा लक्षात येत नाही. आरोग्याशी निकटचा संबंध असलेले अनेक विषय या मंत्र्यांकडे नाहीतच. अंगणवाडी महिला व बाल विकास मंत्रालयाकडे आहे, पिण्याचे पाणी दुसऱ्या मंत्रालयाकडे, कामगारांची विमा रुग्णालये श्रम मंत्रालयाकडे. औषधाच्या गुणवत्तेवर आरोग्य मंत्रालयाची देखरेख असते, परंतु त्याच औषधाची किंमत रसायने व खते मंत्रालयाच्या अधीन असलेली संस्था ठरविते. आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी इत्यादी पद्धतींसाठीही २०१४ पासून स्वतंत्र आयुष मंत्रालय आहे.

राजकुमारी अमृत कौर आणि मध्य प्रांत

स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांचे आपल्या भागाशी असलेले नाते फारसे कोणाला ठाऊक नाही. त्या कपूरथळ्याच्या राजघराण्यातील. महात्मा गांधींच्या सचिव म्हणून त्यांनी अनेक वर्षे काम केले आणि त्यांतील बराच काळ त्या वर्ध्याजवळील सेवाग्राम आश्रमात राहिल्या. संविधान सभेवर त्यांची निवड झाली ती मध्य प्रांत व वऱ्हाड या प्रांतातून. बालाघाट जिल्हा त्याच प्रांतात होता. पंजाबराव देशमुख, दादा धर्माधिकारी, हरी विष्णू कामथ, ब्रिजलाल बियाणी यांच्यासमवेत त्या या प्रांताच्या प्रतिनिधी होत्या. पहिल्या मंत्रिमंडळातील एकमेव स्त्री मंत्री म्हणून ऑगस्ट १९४७ मध्ये त्यांनी आरोग्य खात्याची सूत्रे हाती घेतली आणि ती १९५७ पर्यंत सांभाळली. त्यानंतर आजतागायत हे पद सलग दहा वर्षे कोणाकडेही राहिलेले नाही.

त्यांच्या हाती एक तयार आराखडा होता. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ साली नेमलेल्या समितीने १९४६ मध्ये आपला अहवाल दिला होता. भोर हे मूळचे नाशिकचे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून ते सनदी सेवेत गेले होते. त्यांच्या अहवालातील चित्र विदारक होते. जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १६२ बालके पहिल्या वर्षाच्या आतच दगावत होती आणि सरासरी आयुर्मान २७ वर्षांच्या आसपास होते. पैसे नाहीत म्हणून कोणालाही उपचार नाकारला जाऊ नये, हे या समितीचे मूलतत्त्व होते. त्यासाठी पहिल्या टप्प्यात ४० हजार लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असे तिने सुचविले. प्रतिबंध आणि उपचार ही दोन्ही कामे एकाच छपराखाली व्हावीत ही कल्पना त्या वेळी नवी होती. तोपर्यंत देवी टोचणारा वेगळा आणि औषध देणारा वेगळा, अशीच व्यवस्था होती.

येथे घटनेची सीमा आड येत होती. केंद्रे उभारणे राज्यांचे काम, आणि राज्यांची तिजोरी रिकामी. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेल्या सामुदायिक विकास कार्यक्रमातून या अडचणीतून वाट निघाली. विकासखंडाबरोबर तेथे प्राथमिक आरोग्य केंद्रही यावे असे ठरले आणि केंद्राचा पैसा त्या वाटेने गावापर्यंत पोहोचू लागला. आज मैदानी भागात ३० हजार आणि आदिवासी व डोंगराळ भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक केंद्र, तसेच अनुक्रमे ५ हजार आणि ३ हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असे प्रमाण मानले जाते. वारासिवनी आणि बैहर या दोन तहसिलींना निरनिराळे माप का लागते, त्याचे उत्तर या नियमात आहे. हे माप दिल्लीत ठरले. त्या मापाप्रमाणे माणसे नेमणे हे राज्याचे काम.

राजकुमारींच्या काळातच क्षयप्रतिबंधक बीसीजी लसीची देशव्यापी मोहीम निघाली, १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा झाला आणि १९५६ च्या कायद्याने दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली. या संस्थेसाठी न्यूझीलंड सरकारने कोलंबो योजनेतून भरघोस साहाय्य केले होते. राजकुमारींनी स्वतःचे सिमल्याचे घरही संस्थेला देऊन टाकले. १९५० साली जागतिक आरोग्य सभेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. तो मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री आणि पहिल्या आशियाई. कुटुंबनियोजनाच्या बाबतीत मात्र त्यांची दृष्टी गांधीवादी संयमाची होती आणि कृत्रिम साधनांकडे त्यांचा कल नव्हता. १९५२ साली या कार्यक्रमाचा राष्ट्रीय पातळीवर स्वीकार करूनही प्रारंभीची काही वर्षे तो मंद गतीने चालला, त्याचे एक कारण हेही होते. मंत्र्यांच्या व्यक्तिगत श्रद्धेचा राष्ट्रीय कार्यक्रमावर किती परिणाम होऊ शकतो, याचे हे लहानसे उदाहरण आहे.

हिवतापाची कहाणी

केंद्र आणि राज्य यांच्यातील सांधा निखळला तर काय होते, हे बालाघाटसारख्या जंगलपट्टीतील जिल्ह्याला हिवतापाने दाखवून दिले आहे. बैहरच्या पठारावरील ओढेनाले, दाट वन आणि विखुरलेली वस्ती ही हिवतापाच्या डासांना सदैव अनुकूल ठरली. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे आणि सुमारे ८ लाख माणसे त्याने दगावत. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. धारवाडचे द. प. करमरकर आरोग्यमंत्री असताना, १९५८ साली त्याचे रूपांतर निर्मूलन कार्यक्रमात झाले. घरोघर डीडीटीची फवारणी होऊ लागली, रक्ताचे नमुने घेतले जाऊ लागले. डीडीटी आणि पैसा केंद्राचा, फवारणी करणारे हात राज्याचे. हा मेळ इतका उत्तम बसला की १९६५ साली देशातील रुग्णांची संख्या सुमारे १ लाखापर्यंत खाली आली.

त्यानंतरचा भाग दुःखद आहे. एखादा प्रदेश हिवतापमुक्त होत आला की तो 'देखभाल अवस्थे'त गेला असे मानून तेथील काम राज्याच्या सर्वसाधारण आरोग्य सेवेकडे सोपविले जाई. ही सेवा अनेक ठिकाणी अद्याप उभीच राहिलेली नव्हती. फवारणीची पथके निघून गेली आणि त्यांच्या जागी रक्त तपासणारे कोणी आले नाही. त्यातच डास डीडीटीला दाद देईनासे झाले आणि कीटकनाशकांचा पुरवठा वेळेवर होईना. १९७६ साली देशात हिवतापाचे ६४ लाख रुग्ण नोंदले गेले. १९७७ मध्ये निर्मूलनाचे उद्दिष्ट बाजूस सारून सुधारित योजना आखावी लागली आणि पुढे खर्चाची निम्मी-निम्मी वाटणी ठरली. विजय दृष्टिपथात असताना हातचा गेला, त्याला वैद्यकशास्त्राइतकेच कारभारातील हे हस्तांतरही कारणीभूत होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. बैहर आणि परसवाड्याकडील जुनी माणसे भिंतीवरील फवारणीच्या तारखांची आठवण अजून काढतात.

सेवाग्रामहून दिल्लीस, दिल्लीहून सेवाग्रामला

१९६२ ते १९६७ या काळात डॉ. सुशीला नायर केंद्रीय आरोग्यमंत्री होत्या. राजकुमारींप्रमाणे त्यांचीही घडण सेवाग्रामातच झाली. गांधीजी आणि कस्तुरबा यांच्या त्या वैद्यक. १९४२ च्या आंदोलनानंतर पुण्याच्या आगाखान प्रासादात त्या त्यांच्यासमवेत स्थानबद्ध होत्या. पुढे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक आरोग्याचे उच्च शिक्षण घेतले. स्वतः डॉक्टर असलेल्या त्या पहिल्या केंद्रीय आरोग्यमंत्री. देवी निर्मूलनाचा आणि क्षयरोगाचा असे दोन्ही राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ साली आरंभले गेले आणि त्यांचा पहिला कठीण काळ नायर यांच्या कारकिर्दीत गेला. १९६६ साली मंत्रालयात कुटुंबनियोजनाचा स्वतंत्र विभाग निर्माण झाला.

मंत्रिपद सोडल्यानंतर त्यांनी जे केले ते अधिक लक्षणीय आहे. दिल्लीत बसून खेड्यात डॉक्टर पाठविणे किती दुष्कर असते याचा अनुभव घेऊन त्या सेवाग्रामला परतल्या. १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, तेथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. खेड्यात वसलेले वैद्यकीय महाविद्यालय ही त्या वेळी अपूर्व गोष्ट होती. तेथील विद्यार्थ्यांनी प्रथम वर्षातच एखाद्या गावात शिबिरासाठी राहावे आणि तेथील कुटुंबांच्या आरोग्याची माहिती ठेवावी, असा प्रघात पडला. २००१ साली डॉ. नायर यांचे निधन झाले, तोपर्यंत या संस्थेची धुरा त्यांच्याकडेच होती.

१९७६ : मर्यादा ओलांडली तेव्हा

या पदाच्या इतिहासात एक प्रकरण असे आहे की ते टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आणीबाणीच्या काळात, एप्रिल १९७६ मध्ये, तत्कालीन आरोग्यमंत्री डॉ. करणसिंह यांनी राष्ट्रीय लोकसंख्या धोरण जाहीर केले. राज्यांना उद्दिष्टे नेमून दिली गेली, राज्यांनी ती जिल्ह्यांना दिली आणि जिल्ह्यांनी शिक्षकांपासून तलाठ्यांपर्यंत सर्वांना वाटून दिली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही संमत केले होते. त्याला राष्ट्रपतींची अनुमती मिळाली नाही. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने लोकसंख्या नियंत्रण व कुटुंबनियोजन हा विषय समवर्ती सूचीत घालण्यात आला, तो याच काळात.

परिणाम सर्वज्ञात आहे. १९७७ च्या निवडणुकीत जनतेने आपले मत दिले. मात्र त्याचा आरोग्य खात्याला जो फटका बसला त्याची चर्चा कमी होते. गावात आलेला आरोग्य कर्मचारी दिसताच पुरुष शेताकडे निघून जात, आणि लसीसाठी मूल पुढे करायलाही आया कचरत. परिचारिकेवरील विश्वास हेच या खात्याचे खरे भांडवल. ते एका वर्षात खर्ची पडले आणि भरून यायला कित्येक वर्षे लागली. नव्या सरकारात राजनारायण यांच्याकडे आरोग्य खाते आले. तेव्हा 'कुटुंबनियोजन' हा शब्द मंत्रालयाच्या नावातून गेला आणि त्या जागी 'कुटुंबकल्याण' आला. बालाघाटच्या संदर्भात आणखी एक नोंद आवश्यक आहे. बैगांसारख्या अतिमागास आदिम जमातींची नसबंदी केली जाऊ नये, असा आदेश मध्य प्रदेश शासनाने १९७९ साली काढला. या जमातींची लोकसंख्या घटू नये हा त्यामागील हेतू होता. हा निर्णय दिल्लीचा नव्हे, राज्याचा होता, हे येथे लक्षात घ्यावे.

याच सुमारास मंत्रालयाच्या नावे एक निर्विवाद यशही जमा झाले. देवीचा भारतातील अखेरचा रुग्ण मे १९७५ मध्ये आढळला आणि एप्रिल १९७७ मध्ये देश देवीमुक्त असल्याचे प्रमाणित करण्यात आले.

खालून वर गेलेल्या कल्पना

२ ऑक्टोबर १९७७ पासून राजनारायण यांच्या मंत्रालयाने दर हजार वस्तीमागे एक जनस्वास्थ्यरक्षक नेमण्याची योजना सुरू केली. गावानेच निवडलेल्या व्यक्तीला तीन महिन्यांचे शिक्षण, औषधांची पेटी आणि महिना ५० रुपये मानधन. योजनेची पुष्कळ थट्टा झाली. पण गावातील सामान्य माणूस आरोग्याचे प्राथमिक काम करू शकतो, हे नगर जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० पासून प्रत्यक्ष दाखवून दिले होते. तेथील अल्पशिक्षित स्त्रिया बाळंतपणाची काळजी घेत, कुष्ठरोगी ओळखून काढत. सरकारी योजनेत स्त्रियांऐवजी बहुधा पुरुषांची निवड झाली आणि तेथेच ती कच्ची राहिली.

त्यानंतरची मंत्र्यांची मालिका मोठी आहे आणि प्रत्येकाचा परामर्श घेण्याचे कारण नाही. १९८३ चे पहिले राष्ट्रीय आरोग्य धोरण बी. शंकरानंद यांच्या काळातले, १९८५ चा सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम मोहसिना किडवाई यांच्या. आपल्या भागाला जवळची नावे पाहायची तर १९७३ साली अल्पकाळ र. के. खाडिलकर या पदावर होते. रामटेकचे खासदार असलेले पी. व्ही. नरसिंह राव यांनी १९८६ पासून काही काळ हा कार्यभार सांभाळला. मध्य प्रदेशाचे मुख्यमंत्रिपद सोडून मोतीलाल व्होरा १९८८ मध्ये या खात्यावर आले, तर १९९५ साली बॅ. ए. आर. अंतुले आले. देशव्यापी पल्स पोलिओ मोहिमेचा पहिला दिवस, ९ डिसेंबर १९९५, अंतुले यांच्याच कारकिर्दीतला. पण ही कल्पना आदल्या वर्षी दिल्ली राज्याने राबवून पाहिली होती आणि तेथील आरोग्यमंत्री होते डॉ. हर्षवर्धन, जे पुढे स्वतः केंद्रीय मंत्री झाले. देशातील पोलिओचा अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात सापडला.

डॉ. अन्बुमणी रामदॉस मंत्री असताना, १२ एप्रिल २००५ रोजी, राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि जनस्वास्थ्यरक्षकाच्या जागी 'आशा' आली. या वेळी ती गावातीलच स्त्री असावी अशी अट होती. सीमेवरील वाचकांना एक गंमत सांगावीशी वाटते. अभियानाने विशेष लक्ष देण्यासाठी जी १८ राज्ये निवडली त्यांत मध्य प्रदेश होता, महाराष्ट्र नव्हता. त्यामुळे बाघ नदीच्या या तीरावरील आणि गोंदियाच्या तीरावरील गावांना आरंभी एकाच अभियानाचे निरनिराळे नियम लागू झाले. सोयरीक दोन्ही तीरांवर, बोली तीच, फरक फक्त शासकीय परिपत्रकाचा.

आशा कार्यकर्ती नवजात बाळाचे वजन करायला आणि ताप पाहायला घरी येते, ती पद्धत गडचिरोलीची आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तेथील गावांत स्त्रियांना हे काम शिकविले आणि नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध केले. २०११ मध्ये केंद्रीय मंत्रालयाने ही पद्धत देशभर लागू केली. गडचिरोलीहून निघालेली गोष्ट दिल्लीचा वळसा घेऊन बालाघाटला पोहोचायला बारा वर्षे लागली. अंतर पाहता ती पायी चालतही याहून लवकर आली असती. पण दिल्लीवाचून ती देशातील लाखो आशा कार्यकर्तींपर्यंत पोहोचली नसती, हेही तितकेच खरे.

अलीकडचा काळ आणि अर्जाचा प्रश्न

२०२० मधील करोनाच्या साथीने या पदाच्या सीमा पुन्हा एकदा उघड केल्या. देशव्यापी टाळेबंदीचे आदेश आरोग्य मंत्रालयाने काढले नव्हते. आपत्ती व्यवस्थापन कायद्यान्वये ते गृह मंत्रालयाकडून निघाले. राज्यांनी आधार घेतला १८९७ च्या साथरोग कायद्याचा, म्हणजे मुंबई-पुण्याच्या प्लेगच्या वेळच्या कायद्याचा. लसीची खरेदी प्रथम केंद्राने केली. मे २०२१ मध्ये तिचा काही भाग राज्यांकडे दिला आणि जूनमध्ये परत आपल्याकडे घेतला. खरेदी एकाकडे आणि टोचणी दुसऱ्याकडे ही जुनी वाटणीच अखेर कामास आली.

१ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. बालाघाटच्या आदिवासी गावांना त्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. तपासणीची पट्टी आणि उद्दिष्ट केंद्राचे, रक्ताचा थेंब घेणारी परिचारिका राज्याची. २०१८ पासून सुरू असलेल्या आयुष्मान योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार मिळतात आणि ते कार्ड दुसऱ्या राज्यातील संलग्न रुग्णालयातही चालते. ज्यांची पावले पिढ्यान्‌पिढ्या नागपूरकडे वळत आली त्या आपल्या जिल्ह्यासाठी ही तरतूद मोलाची आहे. नागपूरला जाण्यापूर्वी ते रुग्णालय योजनेत आहे की नाही, याची चौकशी तेवढी अवश्य करावी.

आता अर्जाविषयी. परिचारिका किंवा डॉक्टर यांचे रिक्त पद, केंद्रातील औषधांचा तुटवडा, रुग्णवाहिका, इमारतीची दुरुस्ती यांबाबत प्रथम विकासखंड वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि नंतर जिल्ह्याच्या मुख्य चिकित्सा एवं स्वास्थ्य अधिकाऱ्यांना लिहावे. १८१ या मुख्यमंत्री हेल्पलाइनवरही तक्रार नोंदविता येते. काही परिचारिकांचे वेतन राष्ट्रीय अभियानाच्या निधीतून येते, परंतु त्यांच्या नेमणुकीचे आदेशही राज्याकडूनच निघतात. केंद्रीय रुग्णालये व संस्था आणि राष्ट्रीय कार्यक्रमांची आखणी यांविषयी काही सांगावयाचे असेल, किंवा जिल्ह्याच्या गरजेला राष्ट्रीय नियम अपुरा पडतो असे दाखवून द्यावयाचे असेल, तर तो कागद दिल्लीस जरूर पाठवावा. त्यासाठी खासदारांमार्फत संसदेत प्रश्न विचारून घेणे हा मार्ग अधिक परिणामकारक ठरतो, कारण तेथे मंत्र्यांना उत्तर द्यावेच लागते.

लांजीकडील त्या सरपंचांनी दुसऱ्या वर्षी अर्ज केला तो जिल्ह्याला. तोही आम्हीच लिहून दिला होता. परिचारिका जून उजाडण्यापूर्वी रुजू झाली.